बत्तिशीच्या आधी

ओपीजीची, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेची, फिल्म वाचायला घेतली की पहिला घोळ उजव्या-डाव्याचा होतो. मूल आपल्यासमोर बसलंय असं समजून ती लावायची असते, म्हणजे त्याच्या उजव्या दाढा आपल्या डाव्या हाताला येतात. दुसरा घोळ त्याहून मोठा. जबडा कमानदार आणि फिल्म सपाट. यंत्र डोक्याभोवती पंधरा-एक सेकंद फिरतं आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची सगळी कमान उलगडून आडवी मांडतं. फिनलंडचे इर्यो पाटेरो यांनी १९५० च्या सुमारास ही युक्ती बसवली. आता धुळ्यात साक्री रस्त्यावरच्या दंत महाविद्यालयापासून जळगावातल्या एक्स-रे सेंटरांपर्यंत ती सर्रास निघते. बऱ्याचदा फिल्म हातात मिळतही नाही, मोबाईलवर फोटो येतो. मी मात्र तिला फिल्मच म्हणणार. खिडकीकडे धरून वाचण्याची मजा मोबाईलवर नाही.

माझ्यापुढची फिल्म नऊ वर्षांच्या एका मुलीची आहे. कोपऱ्यातलं नाव कापून टाकलेलं. दात वेडेवाकडे येताहेत, तार लावावी लागेल का, एवढंच घरच्यांना विचारायचं होतं. साहित्याच्या माणसानं एक्स-रेचं रसग्रहण करावं हा आगाऊपणा वाटेल, पण कवितेला जे प्रश्न आपण विचारतो ते इथंही विचारता येतात. रचना कशी आहे, काय सांगितलंय, काय गाळलंय, आणि काळ कसा हाताळलाय. या शेवटच्या प्रश्नाशी मी फार वेळ रेंगाळणार आहे. हाताच्या किंवा छातीच्या एक्स-रेत बहुधा आजचा दिवस असतो. वाढत्या मुलाच्या जबड्याच्या फिल्ममध्ये होऊन गेलेली वर्षं आणि पुढची वर्षं एकाच चौकटीत बसलेली असतात.

मधोमध, समोरच्या दातांवर, एक फिकट उभा पट्टा आहे. तो मानेच्या मणक्यांचा. यंत्र मागून जाताना त्यांची सावली समोर पडते. तो सोडून द्यायचा आणि दात मोजायला घ्यायचे. मुलीनं आ केला तर चोवीस दात दिसतील. वर-खाली मिळून आठ पटाशीचे आणि चारही कोपऱ्यांतल्या पहिल्या मोठ्या दाढा, हे बारा कायमचे. या दोहोंच्या मधे दुधाचे सुळे आणि दुधाच्या दाढा, तेही बारा. फिल्मवर मात्र चाळीस भरतात. उरलेले सोळा अजून हाडात आहेत. सुळे, उपदाढा, दुसऱ्या मोठ्या दाढा, सगळे आपापल्या काळ्या पोकळीत, कुणी उभा तर कुणी कलता. पार टोकाला, खालच्या जबड्याच्या कोनापाशी, एक रिकामी गोल पोकळी आहे. तिच्यात अजून काहीच नाही. तिथं अक्कलदाढ होणार आहे.

या फिल्मचा सगळ्यात देखणा भाग दुधाच्या दाढांखाली आहे. दुधाच्या दाढेची मुळं फाकलेली असतात, आणि त्या बेचक्यात बरोबर खालच्या उपदाढेचा माथा बसलेला असतो. वरची मुळं टोकांकडून विरघळत चालली आहेत, खालच्याची मुळं लांबत चालली आहेत. पडलेला दुधाचा दात हातात घेतला तर त्याला मूळ नसतं, म्हणून दुधाच्या दातांना मुळंच नसतात असं भल्याभल्यांना वाटतं. आमच्याकडं पडलेला दात धाब्यावर फेकायची रीत होती. फेकणाऱ्याला वाटायचं आपण आख्खा दात फेकला, पण त्याचं मूळ तोपर्यंत शरीरानंच परत घेतलेलं असायचं. रावेर-यावलकडच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. केळीवर घड असतानाच बुंध्याशी पील आलेलं असतं, आणि कुठलं राखायचं, कुठलं कधी कापायचं यावर पुढची पिलबाग ठरते. दातांच्या डॉक्टरांचा निम्मा धंदा याच प्रश्नावर चालतो.

आता काळाकडं येऊ. दात घडण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी माथा तयार होतो, चावायच्या टोकाकडून हिरडीच्या दिशेनं. माथा पुरा झाला की मूळ सुरू होतं आणि दात जागचा हलतो. मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश झालं की तो तोंडात उगवतो. उगवल्यावरही मुळाचं टोक बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे मुळाची लांबी पाहून तारखा लावता येतात. या मुलीच्या पहिल्या मोठ्या दाढेची सुरुवात तिच्या जन्माच्या सुमाराची. सुळ्यांचं टोक ती चार-पाच महिन्यांची असतानाचं. उपदाढांचा माथा ती दोन वर्षांच्या आसपास असताना धरला गेला, आणि दुसरी मोठी दाढ ती अंगणवाडीत जायला लागली त्या दिवसांतली. ती दाढ तोंडात दिसायला अजून तीन वर्षं आहेत. नोला यांनी १९६० मध्ये या वाढीचे दहा टप्पे केले. माँट्रियलचे आर्तो देमिर्जियन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये आठ केले. टप्प्यांच्या तक्त्यांत मला फारसा रस नाही. पण त्यांच्यामुळे एक गोष्ट पक्की होते. दाताचं वय आणि जन्मदाखल्यावरचं वय ही दोन वेगळी वयं असतात, आणि डॉक्टर पहिल्यावर चालतात. नऊ वर्षांचं एक मूल दातांनी आठचं असतं, दुसरं साडेदहाचं.

समोरचे वरचे दात बघितले की घरचे का घाबरले ते कळतं. दोन मोठ्या पटाशींमधे चांगली फट आहे, आणि शेजारचे दोन दात पंख्याच्या पात्यांसारखे बाहेर कललेले. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे हॉली ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्ये या अवस्थेला नाव दिलं ते अँडरसनच्या गोष्टीतल्या बदकाच्या कुरूप पिल्लाचं. आपल्या मुलांना ते पिल्लू गदिमांनी भेटवलं. शास्त्रातल्या नावांत इतकं नेमकं नाव क्वचित सापडतं, कारण गोष्टीचा शेवटही त्यात आला आहे. फिल्मवर नजर वर नेली की कारण दिसतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, पार वर, दोन सुळे उतरणीला लागले आहेत. त्यांचे माथे शेजारच्या पटाशीच्या मुळांना रेटतात. मुळं आत दाबली गेली की माथे बाहेर फाकतात. सुळे अकरा-बारा वर्षांच्या सुमाराला खाली आले की दाब माथ्यांवर येतो आणि फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. म्हणजे तोंडात दिसणारा बिघाड हा वर चाललेल्या प्रवासाचा परिणाम, आणि फिल्म हातात नसेल तर तो नुसता बिघाडच वाटणार.

इथं घाई केली की नुकसान होतं. तार लावून ते कललेले दात सरळ उभे केले, तर त्यांची मुळं थेट उतरणाऱ्या सुळ्याच्या वाटेत जातात आणि सुळा ती झिजवू शकतो. त्याहून वाईट घरगुती उपाय म्हणजे दोन दातांभोवती रबर अडकवणं. दात मुळाकडं निमुळता असतो, म्हणून रबर हिरडीखाली सरकत सरकत मुळाच्या टोकापर्यंत जातं आणि वाटेतलं हाड खात जातं. फट मिटते, पण पुढे दोन्ही धडधाकट दात हलायला लागून काढावे लागल्याच्या नोंदी दंतवैद्यकात आहेत. ‘फट असली की नशीब चांगलं’ म्हणणारी आजी या बाबतीत युट्यूब पाहणाऱ्या मामापेक्षा कितीतरी कमी धोक्याची.

सुळ्याबद्दल मात्र एवढं निर्धास्त राहून चालत नाही. वरचा सुळा हा सगळ्या दातांत लांब पल्ल्याचा प्रवासी. पाच ते पंधरा वर्षांच्या दरम्यान तो सुमारे २२ मिलिमीटर अंतर कापतो, आणि एवढ्या वाटचालीत चुकण्याची शक्यताही, अक्कलदाढ सोडली तर, त्यालाच जास्त. या फिल्मवर उजवा सुळा सरळ खाली बघतो आहे. डावा थोडा मधल्या रेषेकडं झुकलेला, त्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या मुळावर चढलेलं दिसतं. पुढं आहे का मागं, टाळूच्या बाजूनं का ओठाच्या बाजूनं, हे या फिल्मवरून सांगता येत नाही. सपाट फिल्मची ही मोठी उणीव. असा सुळा टाळूकडं वळत असेल तर काय करायचं याचं एक उत्तर स्वीडनमधल्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये दिलं. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांत त्यांनी फक्त वरचा दुधाचा सुळा काढला, बाकी काही केलं नाही. वाट चुकलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ आपणहून सरळ वाटेला लागले. एवढ्या कमी हस्तक्षेपात एवढं काम होतं हे वाचून मला तरी अप्रूप वाटलं. अर्थात दहा राहिलेच, त्यांचंही भान ठेवायला हवं. या मुलीच्या बाबतीत ऑर्थोडॉन्टिस्टनं दहा वर्षं पूर्ण झाल्यावर हिरडीवर बोट फिरवून सुळ्याचा उंचवटा लागतो का ते तपासायचं ठरवलंय. दोन्ही बाजूंना लागला तर ठीक. एकीकडं लागला आणि एकीकडं नाही, तर दुसरी फिल्म.

खालच्या डाव्या बाजूला एक काळा डाग आहे, दुधाच्या दुसऱ्या दाढेत. कीड खोल गेली आहे. घरात याची कुणाला काळजी नव्हती. आमच्याकडच्या बाया म्हणतात, ‘दूधना दात शेतस, पडी जातीन.’ पडतील हे खरं आहे, पण केव्हा पडतील यालाच सगळं महत्त्व. दुधाच्या सुळा-दाढांची रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या दातांच्या एकूण रुंदीपेक्षा थोडी जास्त असते. अमेरिकेतल्या नान्स यांनी १९४७ मध्ये ही शिल्लक मोजली. खालच्या जबड्यात दर बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर, वर ०.९. ऐकायला काहीच नाही. पण खालच्या पुढच्या दातांची गर्दी निवळायला आणि वरच्या-खालच्या मोठ्या दाढा नीट चावायला या शिलकीचाच उपयोग होतो. ती किडलेली दाढ दोन वर्षं आधी काढावी लागली, तर मागची मोठी दाढ पुढं झुकते आणि शिल्लक तर जातेच, खालच्या उपदाढेला उगवायलाही जागा उरत नाही. म्हणून या दाढेत औषध भरून ती राखायची, आणि राखता आलीच नाही तर जागा धरून ठेवणारी तार बसवायची. फिल्मवरचा हा लहानसा काळा ठिपका मला सगळ्या मजकुरातला एकमेव तातडीचा शब्द वाटतो. बाकी सगळं थांबू शकतं.

आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांचं या विषयावर ठाम मत असतं. दादर ज्वारीची भाकरी, भाजलेले हरभरे, ऊस सोलून खायचा, म्हणून आमचे जबडे रुंद. आताची पोरं मऊ खातात म्हणून दात दाटीवाटीनं येतात. यात तथ्य किती? कोरुचिनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये पंजाबातली खेड्यातली आणि शहरातली तरुण मुलं तपासली, तर शहरातल्यांत दातांचे दोष जास्त निघाले. आजोबांना एवढा आधार पुरतो. मात्र भाकरीनं दुधाच्या दाताची कीड बरी होत नाही, आणि मुलीचा जबडा आईचा नि दात वडिलांचे असतील तर हरभऱ्यांनी ते जमत नाही.

आता एक प्रश्न जो मला ही फिल्म पहिल्यांदा पाहताना पडला. दुसरी मोठी दाढ अजून जबड्याच्या उभ्या भागात, कानाखाली, अडकून आहे. तिला पुढं जागा कुठून मिळणार? मनात येणारं उत्तर म्हणजे जबडा पुढं, हनुवटीकडं वाढत असेल. अठराव्या शतकात जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदानं ते खोटं ठरवलं. त्यानं डुकरांना मॅडरची मुळं खाऊ घातली. आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली ही वनस्पती. तिचा लाल रंग त्या काळात नव्यानं घडणाऱ्या हाडात बसतो, जुन्यात बसत नाही. डुकरांचे जबडे कापून पाहिल्यावर दिसलं की जबड्याचा उभा भाग मागच्या कडेनं वाढतो आणि पुढच्या कडेनं झिजतो. म्हणजे भिंत मागं सरकत जाते आणि दाढांना पुढं अंगण मोकळं होतं. हनुवटी पुढं येते ती या सगळ्या जबड्यालाच मागून ढकललं गेल्यामुळे. या फिल्मवर त्या उभ्या भागाची पुढची कडा दुसऱ्या दाढेच्या माथ्यावरूनच गेलेली आहे. तीन वर्षांनी ती दाढेच्या मागं असेल. हाड तिथंच राहून जागा सोडतं.

त्यापुढची गोष्ट विसाव्या शतकातली आणि थोडी अंगावर येणारी. कोपनहेगनचे आर्ने ब्योर्क यांनी १९५० च्या दशकात मुलांच्या जबड्यांत टँटॅलमच्या मिलिमीटरभर-दीड मिलिमीटरच्या टाचण्या बसवल्या आणि वर्षानुवर्षं त्यांचे एक्स-रे काढले. हाडाची कडा बदलत राहते, टाचणी जागची हलत नाही. त्यामुळे वाढ मोजायला प्रथमच स्थिर खूण मिळाली. आणि निघालं काय? सर्वसाधारण मुलाचा खालचा जबडा वाढताना आतल्या आत सुमारे पंधरा अंश फिरतो. पण खालच्या कडेवर हाड कुठं चढतं, कुठं झिजतं, त्यामुळे बाहेरून जेमतेम दोन-चार अंश फिरलेला दिसतो. एवढं मोठं वळण शरीर झाकून ठेवतं. निरोगी मुलांच्या तोंडात टाचण्या ठोकण्याची परवानगी आज कोणतीही नीतिसमिती देणार नाही, आणि देऊही नये. ब्रॉडबेंट यांनी १९२९ पासून क्लीव्हलंडच्या हजारो धडधाकट मुलांचे वारंवार एक्स-रे काढले, तेही आज चालणार नाही. जगातले सगळे ऑर्थोडॉन्टिस्ट अजून याच जुन्या मुलांच्या नोंदींवर आधारून बोलतात. ती मुलं आता म्हातारी झाली किंवा गेली.

ब्रॉडबेंट यांची खरी देणगी बाजूनं काढलेला डोक्याचा एक्स-रे. १९३१ मध्ये त्यांनी डोकं एका चौकटीत स्थिर धरून तो दर वेळी त्याच अंतरावरून, त्याच कोनातून काढायची पद्धत दिली. जर्मनीत हॉफराथ यांनीही त्याच वर्षी दिली. या मुलीचा तसा एक्स-रेही फाईलमध्ये आहे. ओपीजीत चेहरा नसतो, तो इथं येतो. कपाळ, नाकाचं मूळ, वरचे-खालचे जबडे, हनुवटी, आणि त्यापुढं ओठांची धूसर रेषा. मी हे दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा ते कुरूप पिल्लू मला नव्यानं कळलं. नऊ वर्षांच्या मुलीची कवटी जवळपास मोठ्या बाईची, कारण मेंदू सहा-सात वर्षांतच बहुतेक पूर्ण वाढतो. तिच्या पटाशीच्या दातांचे माथेही मोठ्या बाईचेच. दाताचा माथा जेवढा उगवतो तेवढाच आयुष्यभर राहतो, तो वाढत नाही. लहान राहिला आहे तो चेहऱ्याचा मधला-खालचा भाग, आणि त्यातही खालचा जबडा सगळ्यांत मागं. तो वयात येताना उचल खाईल. मुली साधारण बाराच्या सुमाराला, मुलगे चौदाच्या. वरच्या चार पटाशींची बेरीज त्यांच्या जागच्या दुधाच्या चार दातांपेक्षा सरासरी ७.६ मिलिमीटरनं जास्त असते, आणि ती बसवायची ती या लहान चेहऱ्यात. फोटोत या वयाची मुलं दातच दात दिसतात ते म्हणूनच. तीन निरनिराळ्या गतींनी चाललेल्या गोष्टी एका चेहऱ्यात भेटल्या आहेत, आणि त्यातली सगळ्यात सावकाश गोष्ट बाकीच्यांना गाठेपर्यंत चेहऱ्याला अवघडलेपण राहणार. चेहऱ्याच्या वाढीचे हे वेगवेगळे वेग मोजणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत राम नंदा हे भारतीय होते. त्यांचा निबंध १९५५ चा.

या दुसऱ्या एक्स-रेवर रेघा मारून कोन काढतात. वरचा जबडा कवटीच्या तळाशी ८२ अंशांचा कोन करतो, खालचा ८० चा, फरक दोन अंश, हे ‘नॉर्मल’. स्टायनर यांचे हे आकडे १९५३ चे, गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांचे. आपल्याकडचे सुबक समजले जाणारे चेहरेही त्या मापानं किंचित ‘पुढे’ निघतात, म्हणून नंदा यांच्यासारख्यांनी उत्तर भारतीयांचे वेगळे आकडे काढले, इतरांनी इतर प्रांतांचे. अहिराणी बोलणाऱ्या चेहऱ्याला अमेरिकेची पट्टी लावू नये हे सांगायला खरं तर संशोधन लागू नये, पण लागलं, आणि लागलं हे बरंच झालं. त्यामुळे आता निदान वाद आकड्यांवर घालता येतो.

ही फिल्म काय गाळते? पुष्कळ. जीभ टाळूला लावून ठेवायला सांगतात, ती मुलीनं मधेच सोडली, म्हणून वरच्या मुळांवर काळा पट्टा आला आहे. कानातली बाळी काढायला विसरली असती तर तिची सावली पलीकडच्या दाढांवर उमटली असती, तेवढी नशिबानं नाही. मापं थोडी मोठी होतात, आणि सगळीकडं सारखी नाहीत. सगळ्यात मोठी गळती सूक्ष्मातली आहे. दाताच्या कवचात, इनॅमलमध्ये, वाढीच्या रेषा असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतली एक ठळक दिसते, ती जन्माची. दुधाच्या दातांत आणि पहिल्या मोठ्या दाढेत बाळ पोटातून बाहेर आलं तो क्षण रेषा होऊन राहतो. इनॅमल एकदा झालं की पुन्हा घडत नाही, म्हणून त्या काळातला जोराचा ताप किंवा उपासमारही त्यात कायमची खूण ठेवते. हे ओपीजीत येत नाही. ते वाचायला दात हातात यावा लागतो.

आणि तसे दात हातात आले आहेत, याच पट्ट्यातल्या माणसांच्या पूर्वजांच्या काळातले. गिरणेकाठचं बहाळ, साक्री तालुक्यातलं कावठे ही खानदेशातली ताम्रपाषाणयुगीन गावं. त्याच काळाच्या पुढच्या टप्प्यातलं, पुणे जिल्ह्यातलं इनामगाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ दरम्यान खणलं. तिथं लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरत. त्या मुलांच्या जबड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी केला. तीन हजार वर्षांपूर्वीचं ते मूल किती महिन्यांचं होऊन गेलं हे ठरवायला त्यांच्याकडं साधनं होती तीच, जी माझ्यापुढच्या फिल्मला लागतात. कुठल्या दाताचा माथा झाला, कुठल्याचं मूळ सुरू झालं. दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे पाहून ती बाळं कोणत्या महिन्यांत आजारली-उपाशी राहिली याचाही अंदाज त्यांनी बांधला. या मुलीचा सुळा आणि इनामगावच्या बाळाचा सुळा एकाच नियमानं घडतात. एकाला हाडातून बाहेर येण्याइतकं आयुष्य मिळालं नाही, एवढाच फरक.

टोकाची ती रिकामी गोल पोकळी राहिली. आज तिला काही अर्थ नाही. पण याच मुलीची अशी फिल्म आणखी आठ-नऊ वर्षांनी निघाली, तर ती दवाखान्यासाठीच असेल असं नाही. धुळे-जळगावकडं बालविवाह रोखल्याची प्रकरणं होतात. मुलीचं वय अठरा झालं का याचा वाद उभा राहतो. कायद्यानं आधी शाळेचा दाखला, मग जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणी. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात हा क्रम दिला आहे. अशा तपासणीत हाडांच्या जोडीनं दातही पाहिले जातात, आणि त्या वयात वाढत असलेला एकच दात उरतो, तो अक्कलदाढेचा. बाकी सगळ्यांची मुळं तोवर बंद. देमिर्जियन यांची मापं फ्रेंच-कॅनेडियन मुलांची, ती इथं जशीच्या तशी चालत नाहीत म्हणून धारवाडचे आशित आचार्य यांनी २०११ मध्ये भारतीयांसाठी वेगळं सूत्र मांडलं. त्यानंही उत्तर येतं ते पट्ट्यात: सोळा ते वीस, सतरा ते एकोणीस. अक्कलदाढ सगळ्या दातांत लहरी. कुणाची पंधराव्या वर्षी मूळ धरते, कुणाची एकविसाव्यालाही उघडी असते, कुणाला ती होतच नाही. न्यायाधीशांना तारीख हवी असते. फिल्म वाचणारा प्रामाणिक डॉक्टर त्यांना एवढंच लिहून देतो की खालच्या अक्कलदाढेचं मूळ निम्म्याहून जास्त झालं आहे, टोक उघडं आहे, आणि वय इतक्या ते इतक्याच्या दरम्यान असू शकतं.